नवा तक्ता भिंतीवर लावण्याआधी

पट्ट्यांचा नवा तक्ता हॉलच्या भिंतीवर लागला त्या संध्याकाळी ज्युदोच्या वर्गातली अकरा वर्षांची एक मुलगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. तिच्या कमरेला हिरवा पट्टा होता. तक्त्यावर हिरव्याच्या आधी नारंगी-हिरवा असा नवाच टप्पा आला होता आणि त्यापुढे लिहिलेल्या फेकींपैकी दोन तिला कधी शिकवल्याच नव्हत्या. वाचता वाचता तिचा हात पट्ट्याच्या गाठीवर गेला. "मॅडम, माझा काढून घेणार का?" एवढेच तिने विचारले.

मी "नाही" म्हटले. पण हे उत्तर तक्ता लावण्याआधी, सगळ्या वर्गाला मॅटवर बसवून द्यायला हवे होते. बेल्टची पद्धत बदलताना पहिली चूक इथेच होते. कागद आधी भिंतीवर जातो आणि मुलांशी बोलायचे मागे पडते. आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत पांढरा, पिवळा, नारंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि मग काळा असा क्रम चालतो. त्यात मधले टप्पे घालायचे, किंवा प्रत्येक रंगाला लागणारी तंत्रे नव्याने ठरवायची, असे तुमच्या क्लबमध्ये घाटत असेल तर माझे पहिले सांगणे हेच आहे: ज्याच्या कमरेला जो पट्टा आहे तो तिथेच राहू द्या. नव्या यादीत जे कमी पडते ते शिकवून भरून काढा.

पद्धत बदलणे म्हणजे परंपरा मोडणे, असे काही जुन्याजाणत्यांना वाटते. त्यांच्याशी बोलताना ज्युदोचा इतिहास हाताशी असलेला बरा. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा रंगीत पट्टे नव्हते. जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांत मोजक्याच पदव्या असत आणि एका पदवीपासून दुसरीपर्यंत जायला वर्षानुवर्षे लागत. कानो हाडाचे शिक्षक. शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतो आहोत हे मधूनमधून कळले पाहिजे, हे त्यांना दिसत होते. 'गो' या पटावरच्या खेळात चालत आलेली 'दान'ची, म्हणजे श्रेणींची, पद्धत त्यांनी ज्युदोत आणली आणि १८८३ मध्ये साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो या दोन शिष्यांना पहिला दान दिला. काळा पट्टा त्यानंतर, १८८६ च्या सुमारास आला. रंगांच्या पायऱ्या रुजल्या त्या युरोपात, आणि त्यात मिकिनोसुके कावाइशी या जपानी शिक्षकांचा मोठा वाटा होता. ते १९३५ मध्ये पॅरिसला आले. फ्रेंच शिष्यांना जपानी नावे जड जातात हे पाहून त्यांनी फेकींना सरळ क्रमांक दिले.

तेव्हापासून हा क्रम देशोदेशी बदलतच आला आहे. जर्मनीत काळ्याच्या आधी आठ क्यू, म्हणजे टप्पे, आहेत आणि त्यांत पांढरा-पिवळा, पिवळा-नारंगी, नारंगी-हिरवा असे दुरंगी पट्टे आहेत. ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठी 'मोन' नावाचे १८ टप्पे केले गेले, एकेका रंगात तीन तीन. जपानमध्ये मोठेपणी ज्युदो सुरू करणारा माणूस मात्र पांढऱ्यावरून तपकिरीवर आणि तिथून काळ्यावर जातो, मधले रंग त्याच्या वाट्याला येतच नाहीत. तंत्रांची यादीही स्थिर नाही. कोदोकानची 'गोक्यो' ही फेकींची मांडणी १८९५ मध्ये झाली, १९२० मध्ये ती बदलून आठ-आठच्या पाच गटांत ४० फेकी ठेवल्या. आज कोदोकान ६८ फेकी आणि जमिनीवरची ३२ तंत्रे मानते.

बदल किती गरजेचा असू शकतो हे केइको फुकुदा यांच्याकडे पाहून कळते. कानोंना जुजुत्सू शिकवणाऱ्या गुरूंची ही नात, स्वतः कानोंची शिष्या. पाचवा दान मिळाल्यावर त्या जवळजवळ वीस वर्षे तिथेच थांबल्या, कारण बायकांना त्यापुढे जाण्याची वाटच नव्हती. १९७२ मध्ये ती वाट उघडली तेव्हा त्यांना सहावा दान मिळाला आणि २००६ मध्ये कोदोकानने नववा दिला. मॅटवर मुली घेऊन उभी राहते तेव्हा मला ही वीस वर्षे आठवतात. नवी पद्धत लिहायला बसलेल्या प्रत्येकाने आपला तक्ता कुणाला उगाच अडवून ठेवत नाही ना, हे आधी पाहावे.

आता तुमच्या क्लबकडे येऊ. बदल कशासाठी करायचा ते एका वाक्यात लिहून काढा. "सात-आठ वर्षांची मुले पुढच्या रंगाची वाट पाहून कंटाळतात आणि येणे सोडतात" हे चांगले कारण आहे. "हिरव्यापासून निळ्यापर्यंतची उडी फार मोठी झाली आहे" हेही. "आमच्या मुलांना डाव्या बाजूने एकही फेक येत नाही" हे तर उत्तम कारण, कारण त्यातून अभ्यासक्रमच सुधारतो. पण परीक्षा वाढल्या की फी वाढेल एवढाच हिशेब मनात असेल तर ते काम हाती घेऊ नका. पालक हिशेबाला पक्के असतात आणि विश्वास एकदा उडाला की मूल दुसऱ्या क्लबात जाते. मधल्या टप्प्याची परीक्षा नेहमीच्या वर्गातच घ्यावी आणि तिला वेगळी फी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टप्पे दुप्पट झाले तरी घरचा वर्षाचा खर्च आहे तेवढाच राहिला पाहिजे.

क्लबला मोकळीक कुठे आहे आणि कुठे नाही, हेही आधीच पाहून घ्या. मुख्य रंगांचा क्रम बदलू नका. तुमचा विद्यार्थी उद्या नाशिकला किंवा नागपूरला शिकायला गेला तर तिथल्या सरांना त्याचा पट्टा ओळखता आला पाहिजे. दोन रंगांच्या मध्ये टप्पा घालणे वेगळे आणि रंगांची उलटापालट करणे वेगळे. जिल्हा किंवा राज्य संघटनेला लेखी कळवून मगच पुढे जा. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेचे तर क्लबने काही ठरवायचेच नसते, तिचे नियम वरून येतात.

मग नोंदवही काढा. प्रत्येक मुलामागे एक पान हवे. त्यावर आत्ताचा पट्टा, तो मिळाल्याची तारीख आणि परीक्षा कुणी घेतली ते लिहा, आणि उजवीकडे 'बाकी' असा रकाना आखा. नव्या यादीप्रमाणे त्या रंगापर्यंत जे यायला हवे होते पण शिकवले गेले नाही, ते त्या रकान्यात जाते. ही बाकी मुलाची नाही, आपली आहे. शिकवायचे आपल्याकडून राहिले. म्हणून त्यासाठी फेरपरीक्षा घ्यायची नसते. पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेपर्यंत ती शिकवून संपवायची आणि त्या परीक्षेतच एकदा करून घ्यायची. एखाद्याचा पट्टा नव्या दोन टप्प्यांच्या मध्ये पडत असेल तर त्याला वरच्या टप्प्यावर धरा. मुलाचा एक टप्पा वर गेल्याने कुणाचे काही बिघडत नाही. खाली आणलेले मूल मात्र पुढच्या आठवड्यात येईलच याची खात्री देता येत नाही.

तारखेचा मुद्दा छोटा वाटतो, पण भांडणे त्यावरूनच होतात. दोन पट्ट्यांमध्ये ठरावीक महिने जावे लागतात, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. नवी पद्धत सुरू झाली म्हणून ते महिने पुन्हा पहिल्यापासून मोजू नका, जुनी तारीखच धरा. जुनी प्रमाणपत्रेही परत मागू नका. आणि तपकिरी पट्ट्याची जी मुले काळ्याच्या तयारीत आहेत त्यांना या सगळ्यातून बाहेर ठेवा. त्यांच्यासाठी एक शेवटची तारीख ठरवा आणि तोपर्यंत त्यांना जुन्याच यादीने तयारी करू द्या. वाटेत असलेल्या माणसाचा रस्ता बदलायचा नसतो.

अभ्यासक्रम लिहिणे हे यातले सगळ्यात जबाबदारीचे काम, त्यामुळे त्याला वेळ द्या. डावी बाजू हेच उदाहरण घेऊ. उजवा हात चालणारे मूल फेक उजवीकडूनच मारते. त्या वेळी समोरच्याची उजवी बाही त्याने पकडलेली असते, म्हणून पडणारा डाव्या हाताने मॅटवर थाप मारून पडतो. वर्ष-दोन वर्षे हेच चालले की सगळ्या वर्गाची डाव्या अंगावरची उकेमी, म्हणजे पडण्याची पद्धत, सुरेख होते आणि उजवीकडची कच्चीच राहते. अशा वर्गाला एक दिवस अचानक "आता डाव्या बाजूने ओ-गोशी मारा" म्हटले तर फेक मारणाऱ्याआधी पडणारा अडचणीत येतो. त्याचा उजवा हात वेळेवर उठत नाही, तो मॅटवर टेकायला जातो आणि मनगटावर किंवा खांद्यावर भार येतो. म्हणून नव्या यादीत डाव्या बाजूची फेक लिहिण्याआधी उजव्या बाजूची उकेमी लिहा. आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने. निदान तीन आठवडे. पट्टा कोणताही असो, सगळ्यांना एकत्र. निळा पट्टा असलेली मुलेही यात चुकतात आणि लहानांना ते दिसते. दिसू द्या.

ओ-सोतो-गारीबद्दल मला आणखी काळजी वाटते. १९२० च्या गोक्योत ही फेक पहिल्याच गटात आहे, दिसायला सोपी आहे, म्हणून ती पहिल्याच पट्ट्याला ठेवण्याचा मोह होतो. पण पडणारा यात सरळ मागे जातो आणि हनुवटी छातीला टेकवायला विसरला तर डोक्याचा मागचा भाग आधी आपटतो. जपानमधल्या शाळांत ज्युदो शिकताना मुलांच्या डोक्याला गंभीर इजा झाल्या, त्या घटनांत या फेकीचे नाव पुन्हा पुन्हा आले आहे. माझ्या यादीत पिवळ्यासाठी उकी-गोशी, ओ-गोशी आणि हिझा-गुरुमा आहेत. ओ-सोतो-गारी मी नारंगीला ठेवली आहे. परीक्षेत ती पाहताना माझी नजर झाडणाऱ्या पायावर नसते. टेकलेला पाय समोरच्याच्या पायाच्या बाजूला पडला का, तो मागेच राहिला नाही ना, छाती छातीला भिडली का, समोरच्याचे वजन त्याच्या उजव्या टाचेवर आले का, हे मी पाहते. आणि शेवटी पाहते ती बाही. फेकणाऱ्याने ती शेवटपर्यंत धरून किंचित वर ओढली तर खालच्याचे डोके मॅटला लागत नाही. बाही सोडली तर फेक कितीही जोरात बसो, मी ती ग्राह्य धरत नाही.

पायांना हात घालून मारायच्या फेकींचे काय करायचे, हा प्रश्न हल्ली प्रत्येक यादीत येतो. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१० पासून त्यांवर बंधने आणली आणि २०१३ पासून स्पर्धेत त्या पूर्ण थांबवल्या. म्हणून काही जण त्या अभ्यासक्रमातूनच काढतात. मला ते पटत नाही. काता-गुरुमा ही अशीच एक फेक नागे-नो-काताच्या, म्हणजे फेकींच्या ठरावीक प्रात्यक्षिकाच्या, पहिल्याच संचात आहे आणि काळ्या पट्ट्याच्या वाटेवरच्या मुलाला नागे-नो-काता यावाच लागतो. तपकिरीच्या यादीत ही फेक ठेवा आणि तिच्यापुढे "स्पर्धेत चालत नाही" असे ठळक लिहा. कानी-बासामी, म्हणजे पायांची कात्री घालून पाडण्याची फेक, मात्र कुठल्याच यादीत नको. १९८० मध्ये यासुहिरो यामाशिता या जपानच्या नामवंत खेळाडूचा पाय या फेकीने मोडला होता. गळा दाबण्याची आणि कोपराची तंत्रे लहानांच्या पट्ट्यांत घालू नका, ती मोठ्या वयोगटासाठी राखून ठेवा.

आपल्याकडे आणखी एक प्रकारचा विद्यार्थी येतो, तालमीतून आलेला. तालमीत कमरेला पट्टा नसतो, कोण कुठवर आला आहे ते वस्तादांना नुसते पाहून कळते. अशा मुलाची धोबीपछाड पाहिली तर ती जवळजवळ सेओई-नागेच असते. ताकद, तोल, अंगाची जाण, सगळे तयार. त्याला पांढऱ्या पट्ट्यावर दोन वर्षे बसवून ठेवणे अन्याय आहे, आणि त्याच्या फेकी पाहून थेट हिरवा देणेही चूक आहे, कारण कुस्तीत पाठ टेकू द्यायची नाही हे त्याच्या हाडात भिनलेले असते आणि इथे पडायलाच शिकायचे असते. नव्या पद्धतीत अशांसाठी एक कलम ठेवा: उकेमी आणि पकडीची परीक्षा पूर्ण द्यावी लागेल, ती पार केली की दोन टप्पे एकदम ओलांडता येतील.

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते अशा मुलांनाही भिंतीवरचा तक्ता पुरत नाही. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी ज्युदोत कांस्यपदक जिंकले, त्यानंतर आपल्या वर्गात दृष्टिहीन मूल आणायला पालक धजावतील अशी मला आशा आहे. दृष्टिहीनांच्या ज्युदोत लढत पकड घेऊनच सुरू होते. या मुलांना यादी वाचून दाखवा, ध्वनिमुद्रित करून द्या, आणि परीक्षेत प्रत्येक फेक पकडीपासून सुरू करू द्या.

पालकांची सभा तक्ता लावण्याच्या आधीच्या आठवड्यात घ्या. प्रश्न ठरलेलेच असतात. माझ्या सभेत एक वडील म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या क्लबातला त्याच्या वर्गातला मुलगा निळा झाला. आमचा अजून नारंगी-हिरवाच?" मी त्यांना मॅटजवळ घेऊन गेले. स्पर्धेत मुले वय आणि वजन पाहून उभी केली जातात, पट्ट्याचा रंग पाहून साधारणपणे नाही, हे सांगितले. मग त्यांच्या मुलाला बोलावून दोन्ही बाजूंनी पडून दाखवायला लावले. वडील काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी यादीची एक प्रत मागून घेतली. प्रती आधीच काढून ठेवा, प्रत्येक घरी एक गेली पाहिजे. त्यावर जुना आणि नवा टप्पा शेजारी शेजारी असावेत, म्हणजे मूल गाव बदलून दुसरीकडे गेले तरी तो कागद तिथे दाखवता येतो.

राहिला प्रत्यक्ष पट्टा. दुरंगी पट्टे तालुक्याच्या खेळसाहित्याच्या दुकानात सहसा नसतात आणि बाहेरून मागवले तर महाग पडतात. काही जण टोकाला रंगीत टेप गुंडाळतात, ती दोन धुण्यांत सुटते आणि चिकटपणा कापडाला राहतो. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने दोन बोटे रुंदीची रंगीत कापडी पट्टी टोकापासून चार बोटे आत शिवून दिली, ती अजून टिकून आहे. पुढचा टप्पा आला की उसवून दुसरी लावायची. जुने पट्टे एका पेटीत ठेवा, नवीन आलेल्यांना उपयोगी पडतात. आणि पट्टा धुऊ नये, धुतला तर त्यातली विद्या जाते, हा समज कृपा करून मुलांच्या डोक्यात घालू नका. पावसाळ्यात घामट पट्टा आठवडाभर पिशवीत राहिला तर नायटा एका मुलाकडून साऱ्या वर्गात पसरतो. पट्टा ज्युदोच्या गणवेशासारखाच नियमित धुवा आणि उन्हात वाळवा.

पहिली परीक्षा शाळेच्या परीक्षांच्या तोंडावर नको. आम्ही ती दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन आठवड्यांनी ठेवली, म्हणजे सुट्टीत आखडलेली अंगे पुन्हा मोकळी झालेली असतात. त्या दिवशी सुरुवात मुलांनी करायची नाही, शिकवणाऱ्यांनी करायची. पांढऱ्या-पिवळ्याची अख्खी यादी प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर करून दाखवावी, जोडीला वर्गातले सगळ्यात लहान मूल घ्यावे आणि त्याच्या हातून स्वतःही पडावे. मी डावी ओ-गोशी दाखवताना पहिल्या खेपेला पाय फार बाहेर टाकला. थांबले, पकड सोडून पुन्हा घेतली आणि परत केली. मग वही उघडून पहिले नाव पुकारले.